दाजींनी सांगितलेला शेवट

आक्काचा फोन आला तेव्हा आमचे चारही माग चालू होते. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी खालच्या मजल्यावर यंत्रमाग आहेत आणि वर आम्ही राहतो. माग सुरू असताना शेजारी उभा राहून कुणी बोलला तरी ओठ बघून समजून घ्यावं लागतं, तिथं फोनवरचं काय कळणार? मी नुसता "हां, हां" करत होतो. आक्का काही थांबेना, तेव्हा फोन कानाला तसाच धरून बाहेर गल्लीत आलो.

"अरं, परत येतीया!" आक्का निपाणीहून ओरडत होती.

"कोण परत येतीया?"

"खानावळ!"

"काय सांगतेस!"

"आईशप्पत रं. नवी केलीया. नवी नटी, नवं सगळं. आणि नव्याच्या आधी जुनी पण त्या ॲपवर टाकणार हाईत म्हणं. पहिल्या भागापासनं शेवटच्यापर्यंत."

पन्नाशीला टेकलेला माणूस मी. पण दोन दोन पायऱ्या गाळत वर गेलो. आई भाजी निवडत बसली होती. तिला सांगितलं, तशी तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिनं एवढंच विचारलं, "शेवटचा भाग बी हाय?"

"हाय."

"लाव मग निपाणीला फोन. जावईबापूंना सांग, आता कळंल म्हणावं."

आमच्या घरात एवढी खळबळ का उडाली, ते कळायला तीस वर्षांमागं जावं लागेल.

त्या मालिकेचं खरं नाव वेगळंच होतं, पण आमची सगळी गल्ली तिला 'खानावळ' म्हणायची. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी अर्धा तास. एका मोठ्या घरातली सून. नवरा वाईट नाही, पण आईबापापुढं तोंड उघडत नाही. एके दिवशी भरल्या ताटावरून तिला उठवतात, आणि ती घर सोडून दुसऱ्या गावाला जाते, एक खोली घेते, चूल मांडते आणि खानावळ काढते. दर आठवड्याला तिच्याकडं कुणीतरी नवा माणूस जेवायला यायचा, त्याची एक गोष्ट असायची. आणि मागं हळूहळू तो नवरा तिला शोधत गावोगाव फिरायचा.

आमच्याकडं तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. बेळगावात कन्नड कार्यक्रम स्वच्छ दिसायचे, मराठी बघायचं तर अँटेनाचा बांबू चढवून तो कोल्हापूरच्या दिशेला फिरवावा लागायचा. तरी पडद्यावर मुंग्या असायच्याच. पण चित्रापेक्षा अडचण आवाजाची होती. गल्लीत घरोघरी माग. एका घरचे बंद केले तर दुसऱ्या घरचे धडधडत. आमचे वडील, आप्पा, म्हणजे घरी पाहुणा आला तरी माग न थांबवणारा माणूस. पण 'खानावळ'चं वेड त्यांनाही लागलं, आणि एका मंगळवारी ते स्वतःच घरोघरी जाऊन सांगून आले, "अर्धा तास समद्यांनी बंद ठेवा, मग रात्री जादा चालवा." तेव्हापासून दर मंगळवारी सहा-सात मिनिटं आधी एकेक माग बंद होत जायचा. आधी कोपऱ्यावरचा, मग समोरचा, मग आमचे. आपल्या गल्लीत चिमण्या आहेत हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा समजलं. बायका सूत भरायच्या कांड्या टोपलीत घेऊन आमच्याकडं येऊन बसायच्या, पण एकदा मालिका सुरू झाली की कुणाच्या हातून कांडी भरली जायची नाही.

आणि मग शेवटचा भाग आला. तो नवरा तिच्या गावात बसमधून उतरला, रस्त्यावर कुणाला तरी पत्ता विचारला, त्या माणसानं हात वर करून दिशा दाखवली, आणि आमच्याकडं करंट गेला.

आमच्या घरात चाळीस माणसं अंधारात बसून राहिली. कुणी उठेना. आप्पा म्हणाले, "येईल, येईल." करंट आला तो मालिका संपून बातम्याही संपल्यावर.

त्या काळी मालिका एकदा गेली की गेली. परत बघायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सगळं वडगाव शेवट शोधत फिरत होतं. शहापूरचा एक व्यापारी साड्या न्यायला आला, तो म्हणाला, ती नवऱ्याबरोबर परत गेली. खानापूरहून आलेल्या एका बाईनं सांगितलं, तिनं दार लावून घेतलं. दोघंही आपण डोळ्यांनी बघितलं असं म्हणायची. आईचं मत ठरलेलं होतं. "ती जाणारी बाई न्हवं. भरल्या ताटावरनं उठवल्यात तिला." आक्का मात्र तळमळायची. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. माग चालवता चालवता मध्येच माझ्याकडं बघून ओठांनी विचारायची, गेली असंल काय रं?

पुढं दोन-तीन महिन्यांनी तिला बघायला निपाणीची माणसं आली. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. उप्पीट झालं, चहा झाला, तिला नाव-शिक्षण विचारून झालं. मुलाचे मामा रीत म्हणून म्हणाले, "पोरीला काय विचारायचं असंल तर विचारू दे." यावर मुलीनं मान हलवून नाही म्हणायचं असतं. आक्कानं मान वर केली आणि मुलाला विचारलं, "तुमच्या निपाणीत कोल्हापूरचं चित्र स्वच्छ दिसतंय न्हवं?"

मुलगा दचकला. "व्हय. दिसतंय."

"'खानावळ'चा शेवटचा भाग लागला त्या दिवशी तुमच्यात करंट होता?"

"होता की."

"मग शेवटी काय झालं?"

आप्पांनी डोळे वटारले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं आक्काला दटावायला पाहिजे होतं, पण ती स्वतःच कान देऊन उभी राहिली. त्या मुलानं आक्काकडं नीट बघितलं, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि सावकाश म्हणाला, "ते लगीन झाल्यावर सांगतो."

मामांना हसताना ठसका लागला. आक्कानं त्याच संध्याकाळी होकार दिला.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती पायरीवरूनच सांगत आली. "गेली ती! नवऱ्यानं हात जोडलं, चुकलं म्हणाला. तिनं खानावळीच्या दाराला कुलूप घातलं. पितळंचं. किल्ली शेजारणीला दिली आणि दोघं एका बसमधनं गेली."

"शक्य न्हाई," आई म्हणाली.

"ह्यांनी स्वतः बघितलंया."

"मग ह्यांनी दुसरी मालिका बघितली असंल."

त्या दिवसापासून मायलेकींचं हे भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. चेष्टेतलंच असायचं. पण एकदा ते चेष्टेतलं नव्हतं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, आक्काचं सासरी काहीतरी बिनसलं आणि ती पिशवी घेऊन वडगावला आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. चार दिवसांनी दाजी आले आणि खाली मागाजवळच उभे राहिले, वर यायचं धाडस होईना. आई आक्काला म्हणाली, "तुला वाटत नसंल तर जाऊ नको. ती गेली नव्हती." आक्का बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिली. मग पिशवी भरायला लागली. म्हणाली, "ती गेलती आई." आणि गेली. पुढं संसार चांगला झाला तिचा. दाजींसारखा मऊ माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही.

तर अशी ती 'खानावळ', आणि ती परत येणार होती.

मी मालिकावेडा माणूस आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. रोज रात्री आई आणि मी जेवताना दोन मालिका बघतो आणि त्या संपेपर्यंत त्यांना नावं ठेवतो. हल्लीच्या मालिकांतल्या बायका पहाटे झोपेतून उठतात त्या भरजरी साडीत. मी विणकर, माझा जीव त्या साडीत अडकतो. अंगावर एवढं जरीकाम घेऊन ही बाई झोपली कशी? कुणी साधं वाक्य बोललं की घरातल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवतात आणि मागं ढग गडगडतात. घरात कुणीच कामाला जात नाही. सगळे दिवसभर जिन्यावर उभे राहून एकमेकांचं चोरून ऐकतात. आणि जरा कथा अडली की म्हणे, "वीस वर्षांनंतर." आई म्हणते, "ह्यांचं बरं हाय, नको असलं की वीस वर्सं उडवत्यात."

ॲपवरच्या मालिका त्यामानानं मला आवडतात. कथा पुढं सरकते, माणसं माणसांसारखी दिसतात. पण ती सगळी पुटपुटतात. मागावर तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पुटपुटणं ऐकू येत नाही. आप्पांना तर शेवटी शेवटी काहीच ऐकू यायचं नाही, नुसतं चित्र बघून ते आपल्या मनानं कथा रचायचे आणि ती पुष्कळदा खऱ्या कथेपेक्षा बरी असायची. त्यांच्यानंतर ही खाली अक्षरं दाखवायची सोय आली. ती आधी आली असती तर, असं मला पडद्याखाली अक्षरं उमटली की हटकून वाटतं.

जुने भाग ॲपवर आले त्या दिवशी आमच्या घरात सण होता. आमचा ठराव असा झाला की बाकीचे भाग ज्यानं त्यानं आपापल्या घरी बघायचे, पण शेवटच्याला कुणी हात लावायचा नाही. तो सगळ्यांनी मिळून निपाणीला बघायचा, आणि त्याला जोडूनच नवी मालिका.

पहिला भाग सुरू झाला आणि आई ओरडलीच. "अगं बाई, रंग!"

आम्ही ती मालिका कधी रंगात बघितलीच नव्हती. त्या खानावळवालीच्या सगळ्या मिळून तीन साड्या होत्या, त्याच ती आलटून पालटून नेसायची. त्यातल्या रुंद काठाच्या साडीवरून आमच्या घरी तेव्हा पैजा लागायच्या. आई म्हणायची हिरवी, गल्लीतल्या बायका म्हणायच्या निळी. आप्पा म्हणायचे, "डाळिंबी हाय. पदरावर उजेड कसा पडतोय बघा." आणि ती डाळिंबीच होती! आईनं भाग थांबवायला लावला. पडद्याजवळ जाऊन त्या काठावरून बोट फिरवलं. "त्यांनी ओळखलं होतं बघ," म्हणाली, आणि मग एकदम खुशीत येऊन, "लाव, लाव पुढं."

तिकडं दाजींचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. त्यांचा मला दोनदा फोन आला. "जुनं कशाला बघायचं? चित्र खराब असतंय, आईंचं डोळं दुखतील. सरळ नवंच लावूया की." मी म्हटलं, दाजी, आई मला घरातून हाकलून देईल. ते "बरं, बरं" म्हणाले आणि उगीचच तंबाखूच्या दराबद्दल बोलत बसले.

ठरलेल्या रविवारी मी, माझी बायको आणि आई सकाळच्या बसनं निपाणीला गेलो. मागांना सुट्टी दिली होती. आक्कानं आदल्या दिवसापासून तयारी करून ठेवली होती. पाटवड्या, भडंग, ताक. सोफा भिंतीला सरकवून खाली सतरंज्या घातल्या होत्या. भिंतीवर तो मोठा टीव्ही, भाच्यानं बेंगळूरहून पाठवलेला. ॲपही त्याच्याच नावावर. दाजींनी रिमोट दाबला आणि पडद्यावर आलं, एकाच वेळी फार जण बघत आहेत, म्हणून बघता येणार नाही.

आक्कानं तिथल्या तिथं बेंगळूरला फोन लावला. "अरं, कोण कोण बगालंय तुझ्या खात्यावर?"

भाचा झोपेतून उठला होता. "खोलीवरची पोरं असतील मम्मी, आणि ऑफिसातलं एक-दोन."

"भाईर काढ सगळ्यांस्नी! तुझी आज्जी बसलीया हितं तीस वर्सं!"

दोन मिनिटांत पडदा मोकळा झाला. शेवटचा भाग लागला. तीच सुरुवातीची धून.  बस आली. नवरा उतरला. त्यानं पत्ता विचारला. त्या माणसानं हात वर करून दिशा दाखवली.

आणि चित्र थांबलं. मला वाटलं करंटच गेला. पण रिमोट दाजींच्या हातात होता.

"मला जरा बोलायचं हाय," दाजी म्हणाले.

"आत्ता?" आक्का म्हणाली.

"आत्ताच." त्यांच्या कपाळावर घाम होता. "त्या दिवशी निपाणीत करंट होता. ते खरं हाय. पण मी वखारीत होतो. लॉरी भरायची होती, आम्ही समदे तिथंच. मी ह्यो भाग बघितलाच न्हाई. ह्यो काय, मी ती मालिकाच कधी बघितली नव्हती. आमच्यात टीव्हीच नव्हता."

 आक्का त्यांच्याकडं बघत राहिली.

"आणि हात जोडल्यालं?"

"मीच जोडलं."

"आणि ते कुलूप? पितळंचं म्हणून सांगितलतासा!"

"आमच्या वखारीला हाय तसलं," दाजी म्हणाले. "तू डोळं मोठं करून विचारलंस. आता नव्या बायकोला काय सांगायचं? नवऱ्याला सोडून ती सुखात राहिली म्हणून सांगायचं?"

आई टाळी वाजवून हसली. "मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो?" आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल 'मी म्हणतो, मी आलो' असंच बोलतात. "तीस वर्सं झाली सांगालोय मी!"

आक्का मात्र हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "एकदा मी पिशवी घेऊन गेलतो वडगावला. त्या बाईकडं बघून परत आलो मी. ठावं हाय तुम्हांस्नी?"

"ठावं हाय," दाजी खाली बघत म्हणाले. "आईंनीच पुढं कधीतरी सांगितलं. तवापासनं सांगीन सांगीन म्हणतोय. धाडसच झालं न्हाई."

मला वाटलं, आता इथून उठून घरी जायची वेळ आली. माझ्या बायकोनं उगीच भडंगाची वाटी हातात घेतली. आक्कानं पुढं वाकून दाजींच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"बगूया तर," ती म्हणाली. "ती गेली नसली तर मग मी बी बघतो काय करायचं ते."

हे म्हणताना तिच्या ओठांचा कोपरा हलला. मला दिसला. ओठ वाचायची सवय आहे मला. दाजींना मात्र दिसला नसावा, कारण ते पुढची दहा मिनिटं सतरंजीवर मांडीसुद्धा न बदलता बसून होते.

नवरा गल्ली चढून वर आला. दार बंद. त्यानं कडी वाजवली. आत ती कणीक मळत होती, डाळिंबी साडी नेसून. तिचा हात थांबला. पुन्हा कडी वाजली. तिनं हात धुतले, पदराला पुसले, दाराशी आली. आतल्या कडीवर हात ठेवला. तिचं तोंड मोठं होत होत पडदाभर झालं. आणि तिथंच चित्र गोठलं, धून सुरू झाली, नावं वर सरकायला लागली.

"आरं?" आई म्हणाली. "गेला करंट?"

"न्हाई आई. संपलं."

"संपलं म्हंजे?"

आम्ही तो शेवट मागं घेऊन घेऊन बघितला. तिनं कडी काढली की नाही ते कुणालाच ठरवता येईना. शहापूरचा व्यापारी, खानापूरची बाई, सगळ्यांनी हेच बघितलं होतं आणि आपापल्या घरी जाताना दार आपापल्या परीनं उघडलं किंवा लावून घेतलं होतं. आधी आक्का हसायला लागली. मग माझी बायको. मग आम्ही सगळे. आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती थांबेना. दाजींच्या जिवात जीव आला. "म्हंजे मी काय खोटं बोललो न्हाई!"

"खरं बी बोलला न्हाईसा," आई म्हणाली. आणि आक्कानं त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

मग आम्ही नवी मालिका लावली. सगळे भाग एकदम आले होते. मी आयुष्यात एवढ्या उत्साहानं काही बघितलं नाही आणि एवढ्या मोठ्यानं भांडलोही नाही. पहिल्याच दृश्यात सगळं अंधारात. दाजी उठून खिडक्या लावून आले, पडदे ओढले, तरी दिसेना. म्हणाले, "ह्यांच्यात बी करंट न्हाई काय?" नव्या मालिकेतल्या बाईकडं फोन होता, आणि आक्काला पहिली शंका तीच, की मग नवरा तिला फोन का करत नाही. माझ्या बायकोनं सांगितलं, तिनं त्याचा नंबर बंद करून टाकलाय. आईला ती युक्ती फार पसंत पडली. माझं सगळं लक्ष साड्यांवर. प्रत्येक भागात नवी, सगळ्या फिक्या, बिनकाठाच्या. खानावळीत आमटी वाढणारी बाई असली साडी नेसेल? पहिल्या डागाला वाटोळं होईल.

आईनं पहिले दोन भाग नव्या नटीकडं तोंड वाकडं करूनच बघितले. "हिला लाटणं धराय येत न्हाई." पण तिसऱ्या भागात एक म्हातारा गिऱ्हाईक जेवता जेवता रडायला लागतो, आणि ती काही न बोलता त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकते आणि पाठ फिरवून चुलीकडं जाते. तिथं ती पुटपुटलीही नाही. आई म्हणाली, "बरी हाय पोरगी." चौथ्यापासून आई पूर्ण तिच्या बाजूची झाली. जेवणं टीव्हीसमोरच झाली. त्या दिवशी आम्ही परत जाणार होतो, ते राहूनच गेलं, आणि सोमवारी सकाळी चहा घेऊन सगळे परत सतरंजीवर.

शेवटचा भाग. कडी वाजली. आक्कानं आईचा हात धरला. नव्या बाईनं हात धुतले, दाराशी आली, कडीवर हात ठेवला.  आणि तिनं दार उघडलं!

"उघडलं!" आक्का किंचाळली.

तो नवरा काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्याला पाटाकडं हात केला. तो बसला. तिनं ताट वाढलं. इतर चार गिऱ्हाइकांच्या रांगेतच. तो खाली मान घालून जेवला. ती दुसऱ्याला आमटी वाढत होती. त्याचं जेवण झालं तेव्हा ती त्याच्याकडं बघून एवढंच म्हणाली, "ताट तिकडं ठेवायचं." संपलं.

 मग दोघी मायलेकी एकदमच बोलायला लागल्या.

"बघ! दार उघडलं तिनं!"

"उघडलं, पण गेली काय? ताट उचलाय लावलंन त्याला!"

"जेवाय घातलंन की!"

"गिऱ्हाईक म्हणून घातलंन!"

दाजी स्वतःचं रिकामं ताट घेऊन आत निघाले होते, ते बघून माझ्या बायकोला हसू आवरेना.

दुपारी आम्ही बेळगावची बस धरली. आई बायकांच्या बाजूला पुढं बसली, कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून आधार कार्ड दाखवून तिचं बिनपैशाचं तिकीट झालं, आणि संकेश्वर यायच्या आतच तिनं शेजारच्या बाईला सगळी गोष्ट सांगायला घेतली. मी आणि बायको दोन बाकं मागं. ती बाई हुक्केरीकडची, बोलणं कन्नड, पण मराठीही येत होतं. ऐकता ऐकता तिनं आईला थांबवलं. तिनंही ती मालिका बघितली होती, आठवड्याभरापूर्वीच, कन्नड आवाजात.

"ताटाचं काय म्हणत नाही की ती," बाई म्हणाली. "'इन्नू बेका?' म्हणती."

इन्नू बेका म्हणजे, अजून पाहिजे का?

आई अर्धी उठून मागं वळली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशी मला ओरडली, "अरं, कन्नडात ती त्याला अजून वाढू काय म्हणून विचारतीया!"

"कसं शक्य हाय? ओठ तर—" मी म्हणालो.

"मी ऐकलंय की!" हुक्केरीची बाई म्हणाली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, तिनं हिंदीत बघितली आणि हिंदीत तर भलतंच काहीतरी आहे. काय आहे, ते ती सांगणार, तोच पुढून कंडक्टर दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आला.

"अज्जी, नानु इन्नू नोडिल्ला, हेळब्याड्री!" मी अजून बघितली नाही, सांगू नका! आणि मग मराठीत, हात जोडून, "घरात बायको आणि मी रोज एक भाग बगालोय. पाचवा चालू हाय."

"पाचवा?" आईचे डोळे चमकले. "म्हंजे तो नवरा अजून—"

"अज्जी!"

आईनं तोंडावर पदर धरला. यमकनमर्डी गेली, घाट उतरला, काकतीचा डोंगर दिसायला लागला, तरी त्या दोघी आणि ती मागची मुलगी, तिघी डोकी जवळ आणून कुजबुजत होत्या. कंडक्टर पार पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी उभा होता आणि कुणी उतरायचं असलं तर लांबूनच विचारत होता.